येलदरीची आडवी रेघ

जिंतूरहून येलदरीला पोहोचलो तेव्हा सांज झाली होती. धरणावरून पाहिले, तर पूर्णेचे पाणी थेट आभाळाला टेकलेले. आम्ही मराठवाड्याची माणसे पाणी पाहतो ती तहानेने! पण वरून एक विमान गेले आणि मी ती आडवी रेघच पाहत राहिलो.

१ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईहून दुबईला निघालेल्या 'सम्राट अशोक' विमानातून ती दिसत नव्हती. खाली काळा समुद्र, वर काळे आभाळ. कप्तानापुढचे क्षितिजदर्शक यंत्र बिघडले. विमान सरळ झाले, तरी यंत्र ते उजवीकडे कललेलेच दाखवी. कप्तानाने विमान डावीकडे झुकवले, झुकवतच नेले. इतर यंत्रे शाबूत होती, असे चौकशीत निघाले. एकाशी दुसरे ताडून पाहणे, उपाय एवढाच. पण हाताशी सेकंद मोजकेच. वांद्र्यासमोर समुद्रात २१३ माणसे गेली.