वाळूत रुतणारी युद्धनौका

इस्लामपूरहून समुद्र गाठायचा तर काय करावं लागतं? पेठ नाका, कोल्हापूर, गगनबावडा असं करत करूळचा घाट उतरायचा. वैभववाडी, तळेरे मागे पडलं की पुढे विजयदुर्ग! २०२५ साली या बंदरात एक निवृत्त युद्धनौका आणली गेली. तिचं नाव ‘गुलदार’, म्हणजे बिबट्या.

पाऊस झाला, की उसाची ट्रॉली फडातच रुतते. मग केवढी धांदल! दुसरा ट्रॅक्टर लावून ती ओढावी लागते. गुलदारचं तर कामच मुळी रुतायचं! तळ सपाट, म्हणून उथळ पाण्यातून ती थेट किनाऱ्याला टेकायची. पुढचा दरवाजा उघडला, की पोटातले सैनिक आणि रणगाडे सरळ वाळूवर! मग परत कसं निघायचं? अशी जहाजं किनारा जवळ आला की मागच्या बाजूने नांगर टाकून ठेवतात. काम झालं, की त्याचा दोर गुंडाळत स्वतःलाच मागे ओढून घेतात. आहे की नाही गंमत?

गुलदार बांधली पोलंडमधल्या ग्दिनियाला. लांबी सुमारे ८४ मीटर, म्हणजे क्रिकेटच्या चार खेळपट्ट्यांहून थोडी जास्तच. ३० डिसेंबर १९८५ रोजी ती नौदलात आली. ‘चीता’ आणि ‘कुंभीर’ या तिच्या बहिणी. तिघींनी मिळून सुमारे १७ लाख सागरी मैल प्रवास केला आणि १३०० हून अधिक वेळा किनारा गाठला. श्रीलंकेतल्या शांतिसेनेच्या मोहिमेत त्या होत्या. २००४ च्या त्सुनामीत अंदमान-निकोबारचे कितीतरी धक्के मोडले. धक्का नसेल तिथे साधं जहाज काय करणार? तेव्हा अशाच नौका उपयोगी पडतात. या बहिणीही मदतकार्याला धावल्या होत्या.

१२ जानेवारी २०२४ ला पोर्ट ब्लेअरला सूर्यास्ताच्या वेळी तिघींवरचे ध्वज शेवटचे उतरले.

यानंतर जहाजांच्या नशिबी बहुधा भंगारच येतं. गुलदारसाठी मात्र वेगळा बेत ठरला. वेंगुर्ल्याजवळ निवतीच्या खडकांपाशी तिला मुद्दाम बुडवायचं! ऐकून वाईट वाटलं ना? पण थांबा. आधी तेल आणि घाण काढून जहाज स्वच्छ करतात. मग त्याच्या कठीण पोलादावर शेवाळं, शिंपले, प्रवाळ धरतात आणि आडोशाला मासे येतात. पाण्याखालचं संग्रहालयच ते!

अडतीस वर्षं माणसं उतरवणाऱ्या नौकेने पुढे माशांना घर द्यावं, यात कमीपणा कसला? तुम्हीच सांगा, भट्टीत वितळणं बरं, की हे?