टेकडीच्या पायथ्याशी चाललेला वाद

पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावर संध्याकाळी सहाच्या सुमारास उभं राहिलं, तर शेजारच्या माणसाचं बोलणंही धड ऐकू येत नाही. फाटकातून आत वळलं की हा आवाज हळूहळू मागे पडतो. समोर दगडी इमारत, तिच्या पाठीशी टेकडी. फेब्रुवारी सरता सरता टेकडीवरचा गिरिपुष्प गुलाबी होतो, वळवाच्या दिवसांत मोर ओरडतात, आणि पायऱ्यांवर बसलेली चार मुलं-मुली 'जन्मतः मिळणारा हक्क' म्हणजे नेमकं काय यावर तावातावाने भांडत असतात. मला या जागेचं खरं अप्रूप आहे ते या भांडणाचं. कायद्याचं शिक्षण देणाऱ्या संस्थेत ज्ञान एकट्याच्या टेबलावर वाढत नाही. 'मला हे पटत नाही' असं तोंडावर सांगणारं कोणीतरी शेजारी असावं लागतं.

इंडियन लॉ सोसायटी 1923 साली स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिचं हे कॉलेज सुरू झालं. पहिले प्राचार्य जगन्नाथ रघुनाथ घारपुरे. हा वकिलीतला माणूस, पण आयुष्यभराचं काम म्हणून त्यांनी हाती घेतले ते संस्कृत ग्रंथ: याज्ञवल्क्यस्मृती, तिच्यावरची मिताक्षरा, मिताक्षरेवरच्या सुबोधिनी आणि बालंभट्टी. मूळ संहिता छापायची, तिचं इंग्रजी भाषांतर करायचं. आज हे नुसतं पंडिती वेड वाटेल, पण त्या काळी त्याला कोर्टाचा रोकडा संदर्भ होता. हिंदू कुटुंबातल्या वाटणीचे खटले याच ग्रंथांवर निकाली निघत आणि न्यायाधीशांपुढे असे ते बहुधा कोलब्रुकचं 1810 सालचं भाषांतर, तेही मिताक्षरेच्या फक्त वारसा-वाटणीच्या प्रकरणाचं. एखाद्या ओळीचा अर्थ कसा लावला यावर कुणाचं घर, कुणाचं शेत ठरत असे. विश्वनाथ नारायण मंडलिकांनी 1880 मध्ये याच कारणासाठी व्यवहारमयूख या धर्मशास्त्रग्रंथाचं भाषांतर केलं होतं. घारपुरे त्याच वाटेने पुढे गेले.

याच रस्त्यावर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आहे. पांडुरंग वामन काण्यांचा धर्मशास्त्राचा इतिहास 1930 ते 1962 या काळात, पाच खंडांत, तिथून निघाला. काणेही मुंबईला हायकोर्टात वकिली करणारे. काही वर्षं तिथल्या सरकारी लॉ कॉलेजात शिकवणारे. पुढे सरन्यायाधीश झालेले प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर याच टेकडीखाली कायदा शिकले आणि वकिली करता करता त्यांनी नंद पंडितांच्या दत्तकमीमांसेची चिकित्सक आवृत्ती काढली. अशिलांच्या गराड्यातून उठून पोथीकडे जाणारी आणि पोथीतून पुन्हा अशिलाकडे येणारी ही माणसं. असा वकील आता क्वचितच भेटतो, आणि त्याची उणीव मला फार जाणवते.

या ग्रंथांची एक सवय मोठी शिकवण्यासारखी आहे. विज्ञानेश्वर कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारात मिताक्षरा लिहीत होता, तेव्हा त्याने आधी प्रतिपक्षाचं म्हणणं पूर्ण ताकदीनिशी मांडलं. वडील असेपर्यंत मुलाचा हक्क नाहीच, असं म्हणणाऱ्यांची कारणं त्याने एकेक करून नोंदवली आणि मगच स्वतःचं मत दिलं: पूर्वजांच्या मिळकतीत मुलाला जन्मानेच हक्क मिळतो. मुलाला, म्हणजे मुलग्याला. त्या वाक्याला आठशे-नऊशे वर्षं झाली. महाराष्ट्राने 1994 साली कायदा दुरुस्त करून मुलीलाही सहदायक, म्हणजे जन्मतः वाटेकरी केलं, पण आधी लग्न होऊन गेलेल्या मुलींना वगळून. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट राहिली नाही. तरी ती दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, 9 सप्टेंबर 2005 रोजी, वडील हयात असायला हवेत की नकोत, यावर कोर्टांत एकवाक्यता नव्हती. विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी सांगितलं, नकोत. कारण हा हक्क वडिलांच्या मरणाने नव्हे, मुलीच्या जन्माने येतो. विज्ञानेश्वराचाच युक्तिवाद, त्याने ज्यांचा विचार केला नव्हता त्यांच्या पदरात पडलेला. वर्गातल्या मुलींना हे शिकवताना कुठल्याही प्राध्यापकाचा आवाज थोडा बदलत असेल, असं मला नेहमी वाटतं.

ग्रंथालयात हे सगळं एका रांगेत सापडतं. एका कपाटात स्मृती, पलीकडे नागपूरहून निघणाऱ्या ऑल इंडिया रिपोर्टरचे जाडजूड खंड. आता निकाल पडद्यावर शोधले जातात आणि त्यात वाईट काही नाही. हव्या त्या परिच्छेदावर क्षणात पोचता येतं. पण एक निकाल शोधताना शेजारचा, न शोधलेला निकाल वाचून होणं मात्र कमी झालं. कॉलेजातलं खरं सहजीवन या वाचनाच्याच आसपास चालतं. लातूर-नांदेडकडून, कोकणातून आलेली, बारावीपर्यंत मराठीत शिकलेली मुलं पहिल्या वर्षी इंग्रजी निकालापुढे हताश होऊन बसतात. एकेका वाक्यात चार-चार पोटवाक्यं, मध्येच लॅटिन. त्यांना सावरतो तो वसतिगृहातला एखादा सीनियर. रात्री जेवण झाल्यावर तो बेअर ॲक्ट उघडतो आणि कलम मराठीत फोडून सांगतो. गावाकडची बांधाची भांडणं, सातबाऱ्यावरच्या नोंदी, आजोबांनी तोंडी केलेली वाटणी अशी उदाहरणं देतो. सांगता सांगता त्याचंच कलम पक्कं होतं. या कामाचं प्रमाणपत्र कुणाला मिळत नाही. माझ्या लेखी कॉलेजची निम्मी विद्वत्ता तिथे घडते.

मूट कोर्टाचं, म्हणजे सरावासाठी लढवलेल्या लुटुपुटीच्या खटल्यांचं, कौतुक सगळीकडे होतंच. माझं त्याच्याशी थोडं भांडण आहे: सफाईदार इंग्रजीला तिथे फार गुण मिळतात. पण सकाळी वादीकडून आणि दुपारी प्रतिवादीकडून बोलायला लागणं, ही शिस्त मात्र दुसरीकडे कुठे मिळत नाही.

आणि कधी कधी हा वाद फाटकाबाहेर पडतो. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस चौकीत 1972 साली एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. सत्र न्यायालयाने आरोपी असलेल्या दोन्ही पोलिसांना सोडलं, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे तिची संमती असणार, असा तर्क. तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य. एआयआर 1979, सर्वोच्च न्यायालय, पान 185. निकाल छापला गेला, कपाटात लागला. तो वाचून चार कायदाशिक्षक अस्वस्थ झाले: दिल्ली विद्यापीठातले उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. 16 सप्टेंबर 1979 रोजी त्यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. ते सरन्यायाधीश, यशवंत विष्णू चंद्रचूड, याच कॉलेजचे विद्यार्थी. खटला त्यांच्यापुढे चालला नव्हता, पण पत्र त्यांच्या नावे होतं.

ते पत्र मी अनेकदा वाचलं आहे. त्यात संताप आहे, पण तो प्रत्येक ठिकाणी निकालातल्या एखाद्या वाक्याला बांधलेला आहे. मुकाट सोसणं म्हणजे संमती नव्हे, हा त्याचा गाभा. चौकीत, रात्री, दोन पोलिसांपुढे चौदा-सोळा वर्षांची गरीब मुलगी किती ओरडू शकते, हा साधा प्रश्न त्यांनी कायद्याच्या भाषेत विचारला. न्यायालयाने फेरविचार केला नाही. पण 1980 च्या 8 मार्चला शहरोशहरी बायका रस्त्यावर उतरल्या, आणि 1983 मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराला वेगळी, कडक शिक्षा आली. तिथे शरीरसंबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असं बाईने कोर्टात सांगितलं, तर ते खरं धरून चालायचं, असं पुरावा कायद्यात लिहिलं गेलं. हे पत्र पहिल्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात वाचायला द्यावं, असं माझं ठाम मत आहे; घटनेच्याही आधी.

कायदा साहाय्य शिबिरासाठी मुलं गावात जातात तेव्हा त्यांच्यापुढे सगळ्यात जास्त येतो तो बहिणीने भावाला लिहून द्यायच्या हक्कसोडपत्राचा प्रश्न. एखादी बाई विचारते, भाऊ तालुक्याला चल म्हणतोय, सही केली नाही तर माहेर तुटेल, काय करू? अशा वेळी दोन विद्यार्थ्यांचं एकमेकांशी पटत नाही. एक म्हणते, हक्क जन्माचा आहे, मावशी, सोडू नका. दुसरा म्हणतो, दिवाळीला यांना कुठे जायचं आहे ते आपण ठरवायचं का? दोघं बाईंसमोरच वाद घालतात. मग एकमताने एवढंच सांगतात, की हे पत्र नोंदवावं लागतं, स्वखुशीने नोंदवलेलं पत्र मागे घेणं फार अवघड असतं, तेव्हा घरी नेऊन कुणाकडून तरी वाचून घ्या, आज सही करू नका. बाई कागद घडी करून पिशवीत ठेवतात, आणि परतीच्या एसटीत ते दोघं पुन्हा तिथूनच सुरू करतात.