उतरलेला टायर

गाडी दुकानापुढे येऊन उभी राहिली, की नवा टायर दाखवण्यापूर्वी जुना उतरवून घ्यायचा, तो जमिनीवर आडवा टाकून ओल्या फडक्याने पुसायचा, आणि मग त्याच्या नक्षीवरून, कडांवरून आणि कुशीवरून सावकाश हात फिरवीत बसायचे, हा माझा गेल्या तीस वर्षांचा शिरस्ता आहे. घाईतल्या ग्राहकाला तो जिकिरीचा वाटतो; परंतु गाडीवाल्याच्या तोंडी कैफियतीत त्याच्या हौसेची, शेजाऱ्याच्या गाडीची आणि कुठेतरी पाहिलेल्या छायाचित्राची भेसळ असते, तर उतरलेल्या टायरची जबानी ज्या रस्त्यांवर ती गाडी खरोखर धावली त्यांनीच लिहून ठेवलेली असते; म्हणून दोहोंची रुजुवात घातल्यावाचून नवा टायर देणे मला प्रशस्त वाटत नाही.

चाकाचा व्यवसाय आमच्या घरात आजोबांपासून आहे. निजामाच्या अमदानीत पाटोदा तालुक्यातल्या एका खेड्यात ते बैलगाड्या घडवीत, आणि पुढे त्यांच्या उतारवयात धाव चढवण्याचा सोहळा मी लहानपणी अनेकदा पाहिला आहे : गोवऱ्यांच्या आरात लोखंडी धाव लाल होईपर्यंत तापायची, तिघे जण लांब चिमट्यांनी ती उचलून लाकडी पुठ्यांवर बसवायचे, घणाचे ठोके पडत असतानाच भोवती पाण्याच्या घागरी रित्या व्हायच्या, आणि वाफेच्या लोटात ते आक्रसणारे लोखंड पुठे, आरे आणि तुंबा यांना असे आवळून धरी की लाकडाच्या सांध्यासांध्यातून करकर ऐकू येई. पण ह्या साऱ्याच्या आधी, लाकूड निवडण्याच्याही आधी, आजोबा गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारीत, ‘गाडी कोणत्या रानात चालायची?’ आणि काळ्या रानात जाणारी असेल तर धाव जरा रुंद घेत.

त्या प्रश्नाला कारण होते, कारण आमचा बीड जिल्हा एका मातीचा नाही. दक्षिणेला आणि पश्चिमेला बालाघाटाचे पठार आहे, जेथे मांजरा आणि सिंदफणा उगम पावतात, जेथे मुरमाचा पातळ थर खरवडला की खाली दगड लागतो, आणि ज्या बरड माळांवर सीताफळ आपल्या मर्जीने वाढते. उत्तरेला गेवराई-माजलगावकडे उतरावे तो गोदावरीच्या काठची काळी, कसदार, पुरुष-पुरुष खोल जमीन सुरू होते. दोन्ही माती एकाच काळ्या बेसाल्टाची लेकरे. पण एक झिजून अजून खड्यांच्याच रूपात आहे आणि दुसरी झिजून झिजून इतकी सूक्ष्म झाली आहे की पाणी पिऊन ती फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. ह्या दोहोंच्या मधून डांबराचे आणि आता सिमेंटचे महामार्ग गेले आहेत, आणि रोजच्या व्यवहारातली गाडी ह्या तिन्ही भूमींवरून एकाच दिवसात जाऊन येते.

गेल्या जेठात असाच एक तरुण स्कॉर्पिओ घेऊन आला. ठिबक सिंचनाचे साहित्य विकण्याचा त्याचा धंदा. गाव डोंगरपट्ट्यात, दुकान बीडला, आणि गेवराईच्या बाजूला सासरकडची कापसाची जमीन वाट्याने करीत असलेला. गाडी त्याने थोडी उचलून घेतली होती, म्हणजे स्प्रिंगांना सव्वा इंचाचे स्पेसर घालून घेतले होते.

‘काका, आता हिला शोभंल असा टायर द्या. मोठ्या बटनाचा, चिखलाचा.’

‘देतो की. आधी हिचा जुना तर उतरू दे.’

पुढचा डावा टायर मी प्रथम घेतला. बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा स्पष्टपणे अधिक झिजलेली होती. आणि नक्षीवरून आडवा तळहात फिरवला तो एका दिशेने मऊ लागे व परत येताना करवतीसारखा टोचे. ही खूण चुकत नाही. पुढची चाके स्वतंत्र बाहूंवर असलेली गाडी उचलली, की बाहूंचे कोन बदलतात, चाक वरच्या अंगाने किंचित बाहेर कलते आणि दोन्ही चाकांची समांतरता ढळते. ज्याने स्पेसर बसवले त्याने नंतर अलाइनमेंट करून दिलेले नव्हते, आणि त्या चार महिन्यांच्या दुर्लक्षाचा हिशेब रबराने चुकता केला होता. मागचे टायर निराळे बोलत होते. त्यांची झीज समान होती, पण ठोकळ्यांच्या कडा मुरमातल्या अणकुचीदार खड्यांनी टवके उडाल्यासारख्या झालेल्या. खाचांत अडकलेले तांबूस खडे मी खिळ्याने काढले तेव्हा त्यांतल्या दोहोंनी तळाच्या रबरात खळगा पाडायला सुरुवात केलेली दिसली. उजव्या टायरच्या कुशीत एक बारीक भोक होते, आणि त्यात लाकडाचे काळपट टोक : तुरीचे धसकट. पीक कोयत्याने तिरपे कापले की उरणारा तो खुंट वाळल्यावर खिळ्याहून वाईट असतो, कारण खिळा तळव्यात शिरतो आणि तेथले पंक्चर निघते, धसकट मात्र कुशीत शिरते, जेथे ठिगळाचा भरवसा धरता येत नाही.

काळा चिखल मात्र फार थोडा होता. शंभरातले ऐंशी किलोमीटर ही गाडी डांबरावर आणि सिमेंटवर जात होती, पंधरा मुरमावर, आणि उरलेली काळ्या रानात.

उंची वाढवल्याने काय मिळते ह्याविषयी लोकांच्या मनात जो घोटाळा आहे तो मला येथे दूर करावासा वाटतो. स्प्रिंग उचलली की साठा उचलला जातो, बंपर आणि पायऱ्या वर जातात, ओढ्यात उतरताना नाक टेकत नाही. परंतु मागच्या आसाच्या मध्यावर क्राउन-पिनियनचा जो लोखंडी गोळा असतो तो तसूभरही वर जात नाही, आणि पांदणीतला दगड लागतो तो बहुधा त्यालाच. त्याला वर नेऊ शकतो तो केवळ टायर, आणि तोही आपल्या वाढीव व्यासाच्या निम्म्यानेच. ह्या स्कॉर्पिओचा मूळ टायर २३५/६५ आर १७, म्हणजे उभा केल्यास सुमारे ७३७ मिलिमीटर. २४५/६५ घेतला तर ७५०. गोळा साडेसहा मिलिमीटर वर. तरुणाच्या मनात होता तो २६५/६५. त्याचा व्यास ७७६, म्हणजे गोळा दोन सेंटिमीटरही वर जात नाही, पण स्टिअरिंग पूर्ण वळवले की टायर मडगार्डाच्या आतल्या अस्तराला घासणार, आणि काटा ८० दाखवीत असता गाडी ८४ ने धावणार. चाकाचे वजन वाढते ते वेगळे. ते उचलण्याचे, फिरवण्याचे आणि थांबवण्याचे श्रम इंजिनाला व ब्रेकला जन्मभर करावे लागतात. शिवाय कंपनीने नेमून दिलेल्या मापापासून दूर जाणे मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाच्या कक्षेत येऊ शकते, हेही मी त्याला सांगितले.

चिखलाच्या टायरविषयी मी इतका सावध का, ह्याला माझ्याच हातून झालेली एक चूक कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी, रोज मांजरसुंब्याचा घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्या एका गृहस्थांना त्यांच्या आग्रहाखातर मी तसे टायर बसवून दिले. मोठे ठोकळे, मोठ्या खाचा, दिसायला भारदस्त. पण त्या ठोकळ्यांना डांबरावर टेकायला रबर थोडे, आणि ठोकळ्यावर बारीक चिरा जवळजवळ नाहीत. मृगाच्या पहिल्या सरीत, जेव्हा उन्हाळाभर साचलेली धूळ आणि तेल पाण्यात मिसळून रस्ता साबणासारखा होतो, तेव्हा त्यांची गाडी वळणावर सरकली आणि कठड्याला अर्धी आडवी जाऊन थांबली. कोणाला इजा झाली नाही. त्यांनी माझ्याकडे तक्रारही केली नाही. पण मला ठाऊक होते, की जुना टायर वाचून मी नाही म्हणायला हवे होते. तेव्हापासून मी नाही म्हणतो, आणि त्यामुळे एखादे गिऱ्हाईक गेले तर जाऊ देतो.

तरुण म्हणाला, ‘मग गेवराईच्या रानात काय करू, काका? पावसात तिथं गाडी रुतती.’

त्याचे उत्तर कोणत्याच टायरात नाही. काळी माती भिजली म्हणजे चाकाच्या दोन फेऱ्यांत खाचा भरून जातात, टायरवर मातीचा अखंड लेप चढतो, आणि मग त्या लेपाखाली महागाची नक्षी आहे की गुळगुळीत रबर, ह्याने काही फरक पडत नाही. मडगार्डात चिखल दाटून चाकच अडते. कुळव कधी घालायचा हे ज्याला कळते त्याला गाडी कधी घालायची हेही कळले पाहिजे. वाफसा येईपर्यंत गाडी डांबराच्या कडेला उभी करावी आणि रानात पायी जावे.

सर्व भूमींवर चालणारा म्हणून जो टायर मिळतो तो ह्या मर्यादा ओळखूनच निवडायचा असतो. मी त्याच्यासमोर दोन नमुने ठेवले. एकाचे ठोकळे सुटे, कडेला दणकट दाते, पण माथे सपाट. दुसऱ्याचे ठोकळे मध्यभागी जवळजवळ, त्यांवर सुरीने मारल्यासारख्या बारीक चिरा, खाचांच्या तळाशी खडा बाहेर लोटणारे छोटे उंचवटे, आणि नक्षी खांद्यावरून कुशीकडे थोडी उतरलेली. पहिला दिसायला सरस होता; ओल्या घाटासाठी आणि धसकटासाठी दुसरा. त्यावरचे अंक मी त्याला वाचायला लावले : १०८ म्हणजे एका टायरला १००० किलोंचा भार, जो पाइपांची भेंडोळी वाहणाऱ्या ह्या गाडीला हवाच, आणि कुशीवर लंबगोलातले चार अंक, त्यांतले पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. दोन वर्षे गोदामात पडून राहिलेला टायर नवा म्हणून घेऊ नये. माप मूळचेच ठेवले. आवाज थोडा वाढेल, डिझेल थोडे अधिक लागेल, हे मी लपवले नाही.

पाचवा टायरही त्याच जातीचा घेण्याविषयी मी आग्रह धरला, कारण डोंगरपट्ट्यात स्टेपनी ही शोभेची वस्तू नव्हे. मग अलाइनमेंट करून घेतले, दारावरच्या पट्टीत लिहिलेली हवा भरली, आणि त्याला बजावले, की मुरमाच्या लांब वाटेवर पाच-सहा पौंड हवा कमी केली तर टायर खड्यावर आपटण्याऐवजी त्याला सामावून घेतो, पण महामार्गाला लागण्यापूर्वी ती पुन्हा भरलीच पाहिजे. कमी हवेचा टायर वेगात धावताना कुशीत वारंवार मुडपतो, तापतो आणि वैशाखात फुटतो.

दिवाळीनंतर चाके पुढची मागे करून घेण्यासाठी तो आला. मी चारही उतरवली. कडा समान होत्या, तळहात दोन्ही दिशांनी सारखाच मऊ फिरला, आणि खाचांतून खिळ्याने काढलेले खडे सगळे तांबूस निघाले. काळ्या मातीचा कणसुद्धा नव्हता, आणि कापूस तर वेचून झाला होता.

‘रानात जात नाहीस का रे?’

‘जातो की,’ तो म्हणाला, आणि त्याने पाय पुढे करून चपलेच्या तळाला वाळून घट्ट बसलेला काळा चिखल मला दाखवला.