जळगांवाहून धुळ्यास : एका खडखडाटाची हकीकत

खानदेशांत राहणाऱ्यांस जळगांव-धुळें हा प्रवास म्हणजे ओटीवरून माजघरांत जाण्यासारखा. पूर्वीचा ६ क्रमांकाचा व आतांचा ५३ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग, वाटेंत पाळधी, एरंडोल, पारोळा हीं गांवें, आणि अंतर सुमारें ९० किलोमीटर. या वाटेच्या वर्णनांत मासिकाचीं पानें कशास खर्चावीं, असें वाचक विचारतील. परंतु गेल्या पौषांत याच वाटेवर आमचा अर्धा दिवस मोडला, आणि त्या अर्ध्या दिवसांत जें पाहिलें तें मोटार बाळगणाऱ्या कोणत्याही कुटुंबास उपयोगी पडेल, म्हणून लिहीत आहें.

निमित्त थोरल्या बंधूंच्या सहस्रचंद्रदर्शनाचें. सकाळीं ११ वाजतां पूर्णाहुति होती. गाडी पुतण्याची, उंच, डिझेलवर चालणारी, जिला मुलें एसयूव्ही म्हणतात. तिला दोन महिन्यांपासून दोन विकार जडले होते. खड्ड्यांतून हळू जातांना पुढच्या बाजूनें ‘खट्ट’ असा आवाज येई, आणि वेग ८० च्या वर गेला कीं स्टिअरिंग हातांत थरथरूं लागे. जळगांवांतील एका गॅरेजनें दोन्ही शॉकप बदलले व बिल हातीं दिलें. विकार होते तसेच राहिले. गाडींत पुतण्या, सूनबाई, त्यांचें दोन वर्षांचें मूल, आमची मंडळी आणि मी.

गिरणेचा पूल ओलांडला, बांभोरीजवळ कवयित्री बहिणाबाई चौधरींचें नांव धारण करणारें विद्यापीठ मागें पडलें, आणि रस्ता मोकळा होतांच थरथर सुरू झाली. मीं छत्तीस वर्षें मुलांस संस्कृत शिकविलें. यंत्रविद्येचा मला गंध नाहीं. परंतु अन्वय-व्यतिरेक ठाऊक आहे. तीच कसोटी येथें लावून पाहूं म्हटलें. पुतण्यास वेग ७० वर आणावयास सांगितलें; थरथर थांबली. ८५ वर नेतां पुन्हां आली. मग त्याच वेगांत क्षणभर क्लच दाबावयास सांगितला. इंजिन सुटें झालें तरी थरथर राहिलीच. तेव्हां दोष इंजिनाचा नव्हे. मागें कोणी नाहीं असें पाहून हलका ब्रेक लाविला. थरथर वाढली नाहीं. ती वांकड्या ब्रेक-डिस्कची असती तर ब्रेक लागतांच वाढली असती. उरलें तें चाक.

तो ‘खट्ट’ आवाज मात्र या हिशोबांत बसेना. तो वेगाशीं बांधलेला नव्हता. खड्ड्याशीं बांधलेला होता. आपल्या तापीखोऱ्याची काळी माती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत आकसते. त्यामुळें तिच्यावरील रस्त्यांस लाटा येतात, आणि त्या लाटांचा मार गाडीच्या पुढच्या सांध्यांस खावा लागतो. एरंडोलास चहाकरितां थांबलों. तेथें गाडी उभी असतांना नुसतें स्टिअरिंग फिरविलें तरी खालून ‘कट्ट’ झालें. सूनबाई म्हणाल्या, “काका, आज हा आवाज निराळा आहे. पूर्वीं खणखणीत होता, आतां भरडल्यासारखा येतो.” पुतण्या म्हणाला, “मोठे काका वाट पाहत असतील. धुळ्यास गेल्यावर दाखवूं.” एरंडोलचा पांडववाडा पाहण्याचा बेत तर केव्हांच रद्द झाला होता.

पारोळ्यापर्यंत तो आवाज आणखी तीन वेळां झाला. मंडळींच्या मांडीवर झोंपलेल्या मुलाकडे पाहून माझा धीर सुटला व मीं गाडी थांबविण्यास लाविली. पुतण्या रागावला; त्याचा राग गैर नव्हता.

रस्त्याच्या कडेला एका मिस्त्रींचें पत्र्याचें दुकान होतें. त्यांनीं चासीखालीं जॅक लावून गाडी उचलली व चाक वरून-खालून धरून हलविलें. कांहीं आढळलें नाहीं. जळगांवांतही एवढेंच पाहिलें होतें. पण मिस्त्री तेथें थांबले नाहींत. त्यांनीं जॅक काढून चाकाजवळ लोअर आर्मखालीं लाविला आणि पहारीनें चाक खालून उचललें. आंतील सांधा स्पष्ट हलला. “हाऊ आवाज शॉकपना नही, गुरुजी. बॉल जॉइंटना शे,” असें ते अहिराणींत म्हणाले. पहिल्या खेपेस तो कां दिसला नाहीं, तेंही त्यांनीं समजाविलें. चाक लोंबत असतां स्प्रिंगचा जोर आर्मला खालीं दाबून धरतो व सांध्यांतील ढिलाई झांकली जाते; आर्मच उचलला कीं तो जोर सांध्यावरून उतरतो आणि ढिलाई उघडी पडते. विद्यार्थ्यास इतक्या स्वच्छपणें मीं किती वेळां शिकविलें असेल, कोण जाणे!

सांध्याचें रबरी टोपण फाटलें होतें, ग्रीस वाहून गेलें होतें, आंत पाणी व धूळ शिरून गोळी गंजली होती. ती खोबणींतून निसटती तर चाक कलंडलें असतें व स्टिअरिंग हातांत नुसतें फिरत राहिलें असतें. हें ऐकून पुतण्या कांहीं बोलला नाहीं. त्यानें मुलास उचलून घेतलें. थरथर हा निराळाच रोग निघाला. उजव्या चाकाच्या रिमला कडेस चेप पडली होती व समतोलासाठीं ठोकलेलें शिशाचें वजन गळून गेलें होतें. विकार दोन, आणि आम्ही दोन महिने दोहोंचें एकच कारण शोधीत होतों.

नवा सांधा धुळ्याहून एस. टी.नें यावयाचा होता. तोंवर मंडळी व सूनबाई बालाजीच्या दर्शनास गेल्या आणि मी पारोळ्याचा किल्ला पाहण्यास गेलों. जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनीं १७२७ सालीं बांधलेला हा भुईकोट, भोंवतीं खंदक. इतक्या जवळ जन्म काढून मीं तो पूर्वीं पाहिला नव्हता, याची लाज वाटली. घड्याळांत अकरा वाजले तेव्हां मी तटाच्या सावलींत उभा होतों. दादांची पूर्णाहुति आतां होत असेल, असें मनांत आलें, आणि त्यापुढें किल्ल्यांत लक्ष लागेना.

धुळ्यास पोंचावयास दोन वाजले. दादा बोलले नाहींत. पानावर बसतांना नाहींत, विडा देतांनाही नाहींत. सांधा बदलल्यानें चाकांचा रोख बदलूं शकतो, म्हणून दुसऱ्या दिवशीं पुतण्या गाडी अलाइनमेंट व बॅलन्सिंगकरितां घेऊन गेला, आणि मी राजवाडे संशोधन मंडळांत जाऊन बसलों. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ सालीं याच गांवीं वारले. त्यांच्या मागें हें मंडळ उभें राहिलें. परत आलों तों दादा ओसरीवर होते, आणि वर्तमानपत्रांत गुंडाळून आणलेला तो जुना सांधा त्यांच्या हातांत होता. त्यांनीं तो कानाशीं नेऊन हलविला, पुन्हां हलविला, आणि विचारलें, “मूल कोणत्या बाजूस बसलें होतें?”

“त्याच बाजूस,” मीं सांगितलें.

तो सांधा दादांनीं आम्हांस परत दिला नाहीं. त्यांच्या मेजावर पंचांगावर वजन म्हणून तो अद्याप आहे.