मला उचलू नका

पैशाचं म्हणाल तर बाईंचं माझ्याकडे काही येणं नाही. फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाची फी त्यांनी भरली होती. नोकरी लागल्यावर ती मी पगारातून हप्त्याहप्त्याने फेडली. "राहू दे गं" वगैरे त्या म्हणाल्या नाहीत. शेवटच्या हप्त्याच्या नोटा मोजल्या, वहीत माझ्या नावापुढे 'जमा' लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि म्हणाल्या, "मिटलं एक खातं. आता चहा टाक." महापालिकेच्या शाळेत सारी हयात गणित शिकवलेल्या बाई. हिशोबात गहिवर आणलेला त्यांना खपत नसे.

गिरगावातल्या आमच्या चाळीत त्या तिसऱ्या मजल्यावर अगदी टोकाच्या खोलीत एकट्या राहायच्या. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, याच्या चाळीत तीन वेगवेगळ्या कथा होत्या आणि त्यांतली एकही बाईंनी कधी खोडली नाही. माझी आई कामावरून यायला सात वाजत, म्हणून शाळा सुटली की मी बाईंकडे. गूळपोळी खायची, पाढे म्हणायचे, पुन्हा पाढे म्हणायचे. पावकी, निमकी, दीडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे आमच्या अभ्यासक्रमात कधीच नव्हते, पण बाईंच्या खोलीत होते.

पुढे मला परळला केईएम रुग्णालयातल्या फिजिओथेरपीच्या शाळेत प्रवेश मिळाला. ही देशातली पहिली शाळा, हे बाईंनी माझ्याआधी चाळभर सांगितलं. सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे गेले की "काय शिकलीस?" हा प्रश्न ठरलेला. एकदा मी त्यांना मार्जरी वॉरेन या इंग्रज डॉक्टरीणबाईंची गोष्ट सांगितली. १९३५ साली लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलकडे शेजारचं गरीबखान्याचं रुग्णालय आलं, सातशेवर खाटांचं. तिथली म्हातारी माणसं वर्षानुवर्षं पडून होती. पडून आहेत म्हणजे पडूनच राहायची, असं सगळ्यांनी धरून चाललेलं. वॉरेननी एकेकाला नीट तपासलं, उठवून बसवलं, उभं केलं, चालवलं. त्यांतले बरेच जण आपल्या पायांनी घरी गेले. बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग इतकी वर्षं त्यांना झालं होतं तरी काय?" कॉलेजात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

चाळ हळूहळू रिकामी होत गेली. पुनर्विकास होणार, बिल्डर आला, बिल्डर गेला. तोवर पोरंबाळं डोंबिवली, विरार, ठाण्याला पांगली, मीही ठाण्यालाच. तिसऱ्या मजल्यावर कुलपं जास्त आणि माणसं कमी झाली. मी रविवारी जायची. ऐंशीच्या घरातल्या बाई तोंडाने ठणठणीत, वर्तमानपत्र पहिल्या पानापासून वाचणाऱ्या. पण एका रविवारी बोलताना त्यांची जीभ टाळूला चिकटतेय असं मला वाटलं. माठ काठोकाठ भरलेला.

"बाई, दिवसाकाठी पाणी किती पिता?"

"चारनंतर पीत नाही."

"का?"

"अगं, संडास त्या टोकाला. एका पेल्याला एक खेप. रात्रीच्या दोन खेपा वाचवायच्या तर संध्याकाळचे दोन पेले कमी. सोपं गणित आहे."

गणित बरोबर होतं. गॅलरीतला दिवा गेलेला, फरशी उखडलेली, अंधारात भिंतीला धरून जायचं. त्यापेक्षा तहान परवडली. एकट्या म्हाताऱ्या माणसाचं जागेवर बसणं हे असं सुरू होतं. आधी जिना सुटतो, मग गॅलरी, मग पाणी. पाणी कमी झालं की चक्कर येते, लघवीला जळजळ होते, पोट साफ होत नाही, डोकं भ्रमिष्टासारखं होतं आणि मग माणूस पडतो. बाहेरून सगळे म्हणतात, "वय झालं."

मी दिवा लावून घेतला, कमोडची खुर्ची आणली. "देवांच्या खोलीत?" म्हणून बाईंनी नाक मुरडलं, मग मध्ये जुन्या साडीचा पडदा लावून तडजोड केली. तरीही २०१२ च्या पावसाळ्यात मोरीच्या कठड्याला पाय अडकून त्या पडल्याच. पहाटे तीनच्या सुमाराला. खुब्याचं हाड मोडलं, हलता येईना, आवाज दोन कुलपांपलीकडे पोचेना. सकाळी दहाला शेजारच्या वहिनींना दाराच्या कडीला दुधाची पिशवी तशीच लोंबकळताना दिसली. बाई सातच्या ठोक्याला दूध आत घेत. वहिनींनी दार ठोठावलं, मग पोरांना हाक मारून कडी तोडून घेतली. फरशीवर सात तास पडलेल्या बाई शुद्धीवर होत्या. "झोप लागू नये म्हणून औटकी म्हणत होते," त्या म्हणाल्या, "एकवीस औटे चुकत होतं सारखं."

ऑपरेशन चांगलं झालं. अर्धा खुबा बदलला, दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभंही केलं. खरी गंमत घरी आल्यावर. (गंमत म्हणायची ती आमच्या धंद्यातली सवय.)

इथे मला एक सांगायचंय. अशा गोष्टीत लोक खलनायक शोधतात. मुलं परदेशात, आईबाप एकटे, वृद्धाश्रम, डोळ्यांत पाणी. बाईंच्या बाबतीत कुणीही वाईट नव्हतं. भाचा अमेरिकेत, पैसे वेळेवर पाठवायचा, रोज संध्याकाळी फोन करायचा. "आत्या, आराम कर," हे त्याचं पालुपद. शेजारी येता-जाता डोकावून सांगायचे, "बाई, उठू नका हं." रुग्णसेविका पुरवणाऱ्या ब्युरोकडून बारा तासांच्या ड्यूटीवर मावशी आल्या, स्वभावाने गरीब, हाताने स्वच्छ. पण पेशंट पडला तर ब्युरो त्यांना काढून टाकणार, आणि पेशंट दिवसभर पडून राहिला तर कुणी अवाक्षर काढणार नाही. मग त्या बाईंना कशाला उठवतील? कमोडपर्यंत न्यायचे कष्ट आणि धोका टाळायला त्यांनी डायपर लावला. लघवीला जायची जाणीव असलेल्या, पाय हलवता येणाऱ्या बाईला डायपर. सगळ्यांची सोय झाली.

मध्यंतरी माझ्या मुलीच्या आजारपणामुळे काही रविवार मला जाता आलं नव्हतं. गेले तेव्हा चादर बाजूला केली. पोटरीचं मांस हातात धरलं तर हाडापासून सुटं हलत होतं. उजव्या टाचेवर रुपयाएवढा लाल डाग. बोटाने दाबला. निरोगी कातडी दाबली की पांढुरकी होते आणि बोट काढल्यावर पुन्हा लाल होते. हा डाग लालच राहिला. म्हणजे आत रक्त अडलेलं, आणखी काही दिवसांत तिथे जखम. टाच, माकडहाड, खुब्याचा उंचवटा, जिथे हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस कमी तिथे हे होतं. माकडहाडापाशी हाड दिसेपर्यंत गेलेल्या जखमा मी पाहिल्या आहेत, चांगल्या घरांत, धुतलेल्या चादरींखाली. पोटरीखाली उशी देऊन मी टाच अधांतरी ठेवली आणि दर दोन तासांनी कूस बदलायचा कागद भिंतीवर लावला.

स्नायूंचं तर विचारूच नका. २००७ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. धडधाकट म्हाताऱ्या माणसांना फक्त दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तर त्यांच्या पायांतलं सुमारे एक किलो मांस झडलं. ती तर आजारी नव्हती, उपाशी नव्हती. बाई ऑपरेशनमधून उठलेल्या आणि तीन आठवडे पडून.

मी आणि मावशींनी त्यांना खुर्चीतून उभं करायचं ठरवलं. दोन बाजूंनी काखेत हात घातले, सगळे घालतात तसे. बाई एकदम वर्गात ओरडायच्या तशा ओरडल्या, "मला उचलू नका! मला उठू द्या!"

आम्ही हात काढले.

"घड्याळ बघ," त्या मला म्हणाल्या. "मला उठायला किती वेळ लागतो तो मोज. तेवढा वेळ तुझ्याकडे नसेल तर तसं सांग. पण मला येत नाही असं म्हणू नकोस."

खुर्चीच्या पायांखाली लाकडी ठोकळे घालून ती उंच केली होती. बाई बूड पुढे सरकवत कडेला आल्या. पाय मागे घेतले. थांबल्या. दम घेतला. हातांवर भार दिला, पुढे झुकल्या, नाक पायाच्या बोटांच्या वर आलं, थरथरल्या, पुन्हा बसल्या. मावशींचा हात आपोआप पुढे झाला. मी तो धरून ठेवला. दुसऱ्या खेपेला बाई उभ्या राहिल्या. एक मिनिट दहा सेकंद.

उठायचं तंत्र मला येत होतं. मीच ते शेकडो पेशंटना शिकवलं होतं. ते सत्तर सेकंद हात मागे बांधून उभं राहणं मात्र मला कुठल्याही पुस्तकाने शिकवलं नव्हतं. हॉस्पिटलात एकेका पेशंटला मिळायची पंधरा मिनिटं, त्यात मी माणसांना उचलूनच बसवत होते आणि फाइलवर 'मदतीने बसतो' असं लिहीत होते. सगळेच तसं करत. दुसऱ्या दिवसापासून मी थांबायला लागले. आजही माझ्या हाताखाली शिकायला येणाऱ्या मुलींना पहिले आठ दिवस मी फक्त थांबायला लावते. त्या कंटाळतात.

मावशींनाही बाईंनी सोडलं नाही. ब्युरो पेशंटकडून किती घेतो आणि त्यांच्या हातात किती देतो, ते त्यांना वहीत मांडायला लावलं, शेकडा किती कापले जातात ते काढायला शिकवलं. मावशींनी महिन्याभरात ब्युरो सोडला आणि बाईंकडे थेट कामाला लागल्या. आता पडण्याची भीती दोघींत वाटून घेतलेली होती, त्यामुळे डायपर गेला.

नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायची वेळ आली. जीवन प्रमाणाची ऑनलाइन सोय २०१४ ची. तेव्हा ती नव्हती, आणि बँकेचं म्हणणं, समक्ष या. चाळीच्या मंडळाच्या चार पोरांनी बाईंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली आणलं. तो जिना उभाच्या उभा, धरायला कठड्याऐवजी वरून सोडलेला दोरखंड. उत्साहात एकजण 'मोरया' ओरडला. बाई वरून म्हणाल्या, "अरे, विसर्जन नाही, परत वर आणायचंय मला!" बँकेत सही केल्यावर साहेबांना म्हणाल्या, "पुढच्या वर्षीही जिवंत राहायचा विचार आहे. खुर्ची बाहेर तयार ठेवा."

कुणीतरी त्यांना २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याबद्दल सांगितलं होतं. मूलबाळ नसेल तर ज्याच्याकडे आपली मालमत्ता जाणार त्या नातेवाइकाकडेही पोटगी मागता येते, प्रांताधिकाऱ्यांच्या दर्जाच्या न्यायाधिकरणापुढे. बाईंनी ते बारकाईने वाचून घेतलं. "पैसे तर तो देतोच आहे," म्हणाल्या. मग एका संध्याकाळी त्यांनी भाच्याला फोनवर बजावलं, "आराम कर म्हणू नकोस. आज किती चाललीस ते विचार." तेव्हापासून तो ते विचारू लागला, आणि बाई आकडा खरा सांगायच्या.

चार वर्षं त्या वॉकर घेऊन गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात-येत राहिल्या. २०१६ च्या पावसाळ्यात दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि गेल्या. शेवटची आंघोळ मी आणि मावशींनी घातली. टाचा, पाठ, माकडहाड. अंगावर कुठेही जखम नव्हती.

त्यानंतरच्या वर्षी, २०१७ च्या ऑगस्टात, अंधेरीतल्या एका टॉवरमध्ये एकट्या राहणाऱ्या वृद्धेचा सांगाडा सापडल्याची बातमी आली. अमेरिकेहून आलेला मुलगा दार उघडून आत गेला तेव्हा कळलं. तिथे लिफ्ट होती, संडास घरात होता. दुधाची पिशवी पाहणारी वहिनी नव्हती. आमच्या चाळीचं मला कौतुक नाही. त्या संडासानेच बाईंचं पाणी तोडलं. आता तिथेही टॉवर होतोय, आणि कमोड घरात असणार हे चांगलंच आहे. पण नव्या इमारतीत कोण कुणाच्या दाराकडे बघणार, हे सोसायटीच्या पहिल्या सभेत ठरवून घ्या असं मी चाळकऱ्यांना सांगितलंय. लोकसंख्येचा अभ्यास करणाऱ्या मुंबईच्याच आयआयपीएस या संस्थेने केलेल्या २०१७-१८ च्या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या शंभरांतले सहाएक जण एकटे राहतात असं दिसलं होतं. म्हणजे असं एखादं दार तुमच्याही मजल्यावर असेल.

त्या दारात फोन न करता जा. फोनवर सगळ्यांचा आवाज ठणठणीत असतो. पाणी किती पिता, रात्री संडासला कसे जाता, हे लाज न बाळगता विचारा. मोजे काढायला लावून टाचा बघा. हाताने न रेटता खुर्चीतून उठून दाखवा म्हणा, आणि हात मागे घेऊन थांबा. उठता येत नसेल तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका, ते फिजिओथेरपिस्टचं काम आहे. त्याच आठवड्यात बोलवा. आणि दार आतून बंद, कुणी लक्ष देत नाही असं दिसलं, तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा सरकारी मदतक्रमांक आहे. सकाळी आठ ते रात्री आठ, पैसे पडत नाहीत. लिहून ठेवा.