चांदीचा जमाखर्च

लखनौच्या चौकात कुत्र्याचं पिल्लू मिळवायला एक पैसाही पडत नाही. गोल दरवाजापासून अकबरी दरवाजापर्यंतच्या गल्ल्यांत थंडीत मक्खन-मलाईच्या पराती मांडल्या जातात, त्याच दिवसांत दुकानांच्या ओट्यांखाली पिल्लंही दिसू लागतात. पोत्यावर, एकमेकांच्या अंगावर चढून झोपलेली. शाळेतून येणारी मुलं वाकतात, एखादं उचलतात, दप्तराबरोबर घरी नेतात. होळी येईपर्यंत त्यातली बरीचशी पुन्हा गल्लीत आलेली असतात. कुणी दुष्टपणाने हाकललेलं नसतं. एका रात्री पिल्लाला उलट्या सुरू होतात, सकाळी डॉक्टर एक आकडा सांगतात, आणि तेवढे पैसे त्या महिन्यात घरात नसतात. मला त्या घरांचा राग येत नाही. राग येतो तो ‘गल्लीतलं देशी कुत्रं, त्याला काय लागतंय’ या बोलण्याचा. त्या एका वाक्यावर विसंबून किती जीव घरात येतात आणि बाहेर जातात!

आम्ही मूळचे विट्याजवळचे. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगली, जिथे सराफ बाजार तिथे आमचं एखादं तरी घर. चौकातही आहेत. जुना दागिना वितळवायचा, तेजाबात टाकून सोनं शुद्ध करायचं, हे आमचं पिढीजात काम. भट्टी म्हणजे ऊब, आणि लखनौची जानेवारीतली धुक्याची रात्र बाहेरच्या जिवाला सोसत नाही. म्हणून भट्टीच्या दाराशी दर हिवाळ्यात एखादं कुत्रं येऊन पडतंच. चांदी अशीच आली. पांढरी, एका कानावर तपकिरी ठिपका.

गलाईच्या दुकानात कुत्रं ठेवता येत नाही, हे बाहेरच्या माणसाच्या लक्षात येणार नाही. एक तर तेजाबाचा धूर. दुसरं म्हणजे जमीन. या धंद्यात झाडलोटीची धूळसुद्धा कुणी फेकत नाही, पोत्यात भरून ठेवतात, कारण तिच्यात सोन्याचे कण असतात. चांदी त्या धुळीत लोळून उठायची आणि अंग झटकायची, तेव्हा आमचे जुने कारागीर मामा खरोखर कळवळायचे. “वहिनी, हिला घरी तरी न्या, नाहीतर इथंच एखाद्या पाटीवर झाडत जा.” त्यांनी पहिल्या दिवसांत तिला ब्रशने झाडून ती धूळ पोत्यात टाकलेलीही मी पाहिली आहे. पण पंजे चाटणाऱ्या जनावराच्या पोटात तिथलं काय काय जाईल, याची भीती सोन्याच्या कणापेक्षा मोठी होती. म्हणून ती घरी आली.

घर भाड्याचं. खाली राहणाऱ्या घरमालकीणबाई पाच वेळा नमाज पढणाऱ्या. त्यांनी एवढंच सांगितलं, “बेटी, रखिए ज़रूर, मगर नीचे के दालान में न आए.” अगदी रास्त बोलणं होतं ते. आम्ही जिन्याला लोखंडी जाळीचं दार बसवून घेतलं. चांदीवरचा आमचा पहिला मोठा खर्च तो, वेल्डरचा. पट्टा, भांडं, औषध, सगळं त्यानंतर. मे महिन्यात त्याच बाईंनी तिच्यासाठी दाराबाहेर मातीचं भांडं ठेवलं आणि रोज सकाळी स्वतः त्यात पाणी ओतलं.

खाण्याचं लोकांना उगाच भय वाटतं. पिशवीतलं तयार खाणं महाग, हे खरं. पण मुर्गीवाल्याकडे छीछडे, म्हणजे मांसाचे टाकाऊ तुकडे, मिळतात, कोंबडीचे पंजे मिळतात, तांदळाची कणी मिळते. कणी आणि भोपळा मऊ शिजवायचा, त्यात मांस घालायचं, मीठ-मसाला नाही, आठवड्यात दोन-तीन अंडी. मध्यम चणीच्या देशी कुत्र्याचं दिवसाला पन्नास-साठ रुपयांत छान भागतं. खरी अडचण पैशाची नव्हती, सवयीची होती. उरलंसुरलं कुत्र्याला, ही आमची गावची रीत. पण आमच्या उरल्यासुरल्यात कांदा असतो, लसूण असतो, आणि हे दोन्ही कुत्र्याच्या रक्ताला घातक. शिजवलेलं हाड चिरफाळतं आणि आतड्यात रुततं. सर्वांत जपावं लागतं ते गावाहून येणाऱ्या डब्याला. सांगली जिल्ह्याचा बेदाणा! आमच्या पोरांना मूठमूठ द्यायचा तो बेदाणा कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतो. तो डबा आता आमच्याकडे सर्वांत वरच्या फळीवर असतो.

लसीचं वेगळं आहे. पिल्लू सहा-आठ आठवड्यांचं झालं की पार्व्हो-डिस्टेंपरची पहिली लस, तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, तीन महिन्यांचं झालं की रेबीजची, मग दरवर्षी. मधूनमधून जंताचं औषध. खासगी दवाखान्यात एकेका फेरीला पाचशे-हजार सहज जातात. पण ती टाळली आणि पार्व्हो झाला, तर रोज सलाईन, तेही सलग काही दिवस. रक्ताचे जुलाब होणारं पिल्लू मांडीवर घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसलेली बाई मी पाहिली आहे. तिच्या पर्समध्ये होतं ते सगळं पहिल्याच दिवशी संपलं होतं. पिल्लाचा खर्च दर महिन्याला समान हप्त्यांनी येत नाही. महिनोन्‌महिने काहीच नाही, आणि मग एका आठवड्यात अख्खा पगार. पावसाळ्यात गोचिडांचा ताप असाच येतो. खेळतं कुत्रं दोन दिवसांत हिरड्या पांढऱ्या पडून निपचित होतं. आठवड्याला शंभर-दोनशे बाजूला टाकणारं गरीब घर यातून तरतं, आणि कधीच काही न टाकणारं खाऊनपिऊन सुखी घरही बुडतं.

वाचवता येतं तिथे लाज बाळगू नये. ६ जुलै १८८५ला लुई पाश्चरने रेबीजची लस पहिल्यांदा एका मुलाला टोचली, आणि २८ सप्टेंबर १८९५ला पाश्चर गेला. या दोन तारखांना आज प्राणिजन्य रोग दिन आणि रेबीज दिन पाळतात, आणि त्यांच्या आसपास ठिकठिकाणी सरकारी पशुदवाखाने व संस्था मोफत लस टोचतात. माझ्या कॅलेंडरवर या दोन्ही तारखांभोवती गोल असतो.

महापालिकेचा परवाना काढावा लागतो, त्याला रेबीजच्या लसीचा दाखला जोडायचा. देशी कुत्र्याचं शुल्क विदेशी जातीपेक्षा बरंच कमी. जुलै २०२२मध्ये इथेच, कैसरबागेत, घरच्या पिटबुलने एका वृद्ध निवृत्त शिक्षिकेचा जीव घेतला, तेव्हापासून परवान्याची विचारणा कडक झाली आणि घरमालकही धास्तावले. त्यांची धास्ती मी समजू शकते.

इथे शनिवारी काळ्या कुत्र्याला तेल लावलेली रोटी घालतात. आपल्याकडेही दत्ताच्या पायाशी कुत्री, खंडोबाच्या पायाशी कुत्रं. श्रद्धेने घातलेला तो घास मला प्रिय आहे, पण त्याचं ओझं शनिवारपुरतं असतं. २२ ऑगस्ट २०२५च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, ज्याला रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घ्यायचं त्याने स्थानिक संस्थेकडे अर्ज करावा, आणि ते कुत्रं पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्याचीच. भटक्या कुत्र्यांबद्दलच्या साऱ्या भांडणात ही एक ओळ मला सर्वांत न्याय्य वाटते.

कारण पुन्हा रस्त्यावर येण्याचा प्रसंग आमच्यासारख्या परमुलखातल्या माणसांवर दरवर्षी येतो, गावी जाताना. पुष्पक एक्स्प्रेस संध्याकाळी लखनौ सोडते, झाशी, भोपाळ, भुसावळ करत दुसऱ्या रात्री मुंबईला पोचते. स्लीपरमध्ये कुत्रं चालत नाही, थ्री एसी-टू एसीतही नाही. फर्स्ट एसीत चालतं, पण दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण घ्यायची. तिकिटं काढली तरी कूपेच मिळेल याचा भरवसा चार्ट लागेपर्यंत नाही. नाहीतर गार्डच्या डब्यातली कुत्र्याची पेटी, लोखंडी आणि अंधारी. भाडं फार नाही, पण मेच्या उन्हात बुंदेलखंड ओलांडताना त्या पेटीत एखादा जीव बसवायचा हे माझ्याने होणार नाही. राहता राहिलं ठेवून घेणाऱ्यांकडे सोडणं. दिवसाला पाचशे धरले तरी पंधरा दिवसांत तिचं चार महिन्यांचं खाणं उडतं.

म्हणून चांदी आल्यापासून आम्ही दोघं एकत्र गावी गेलेलो नाही. दिवाळीला हे जातात तेव्हा मी राहते, लग्नसराईत मी जाते तेव्हा हे राहतात. सासूबाईंना वाईट वाटतं. पुतण्याच्या लग्नाच्या फोटोत मी एकटीच आहे. हा खर्च कोणत्याही वहीत लिहिलेला नाही, आणि मला विचाराल तर हाच सर्वांत मोठा आहे. तरी तो मी आनंदाने करते, कारण संध्याकाळी जिन्यावर यांच्या चपलेचा आवाज आला की जाळीच्या दाराशी जे काही होतं, ते पाहण्यासाठी मी दिवसभराचं काम आवरून ठेवते.

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे नव्याने कामाला लागलेला आटपाडीचा पोरगा पिल्लू घ्यायचं म्हणू लागला. पगार बेताचा, खोली सामायिक. मी त्याला म्हटलं, “आधी तीन महिने दरमहा हजार बाजूला टाकून दाखव. आणि पिल्लू नको, मोठं कुत्रं घे.” पिल्लाच्या लसींच्या फेऱ्या, पार्व्होचं भय, चघळलेल्या चपला, रात्रीचं रडणं हे सगळं मोठ्या कुत्र्याने मागे टाकलेलं असतं. लखनौत महापालिकेची नसबंदी मोहीम चालते, झालेल्या कुत्र्याच्या कानाचा शेंडा कापलेला असतो, रेबीजची लसही त्याच वेळी टोचतात. म्हणजे पैशाचा आणि धोक्याचा मोठा भाग आधीच उरकलेला. पण कापलेला कान पाहून माणसं तोंड फिरवतात आणि गोंडस पिल्लाकडे वळतात.

त्याने पैसे टाकले, भिशीत. आणि सराफ्यातल्या एका बंद दुकानाच्या पायरीवर वर्षानुवर्षं झोपणारी कान कापलेली काळी कुत्री घरी नेली. खोलीतल्या इतर दोघांनी आधी कुरकूर केली, आता तिच्या अंड्यांचे पैसे तेच देतात. मे महिन्यात त्याच्या बहिणीचं लग्न आहे. तो गावी जाईल तेव्हा काळी आमच्या गच्चीवर राहील, आणि गणपतीत चांदी त्याच्या खोलीवर. दोन्ही घरांचे रोजचे पाचशे वाचतील, आणि आम्ही नवरा-बायको पुष्पकमध्ये शेजारी-शेजारी बसून विट्याला जाऊ.