खडूचे रिंगण

कोलकात्याच्या जोडासाँको भागातील ठाकुरांच्या वाड्यात श्याम नावाचा एक नोकर होता. सांभाळायला दिलेल्या लहान मुलाला तो खोलीत एका जागी बसवी, त्याच्याभोवती खडूने रिंगण काढी आणि बोट उगारून बजावी, की रेघ ओलांडलीस तर मोठे संकट येईल. संकट कोणते, हे तो सांगत नसे. मुलाला रामायणातील सीतेची गोष्ट ठाऊक होती. रेघेबाहेर गेल्यावर काय होते, याविषयी त्याच्या मनात शंका नव्हती. तो मुकाट्याने बसून राही आणि श्याम आपल्या उद्योगाला मोकळा होई.

तो मुलगा म्हणजे रवींद्रनाथ. 1861 साली जन्मलेले हे देवेंद्रनाथ व शारदादेवींचे चौदावे अपत्य. त्याच्यानंतरचा भाऊ तान्हेपणीच गेल्यामुळे शेंडेफळाचा मान त्याच्याकडे आला. परंतु शेंडेफळाचे लाड मात्र आले नाहीत. थोरला भाऊ द्विजेंद्रनाथ त्याच्याहून एकवीस वर्षांनी मोठा. वडील बहुधा प्रवासात, अनेकदा हिमालयात. आई अंतःपुरात, आणि बाहेरच्या बाजूला राहणाऱ्या मुलांना ते अंतःपुर जवळजवळ परक्या गावासारखे. भाऊ, भावजया, बहिणी, जावई, भाचे, कारकून, शिक्षक, नोकरचाकर अशा त्या गजबजाटात कोणी त्याला छळले नाही, तसे कोणी फारसे विचारलेही नाही. नोकरांच्या त्या अमलाची तुलना पुढे त्याने इतिहासातील गुलाम घराण्याच्या राजवटीशी केली. थंडीत अंगात दोन सुती सदरे. दहा वर्षांचा होईपर्यंत पायांत मोजे नाहीत. या कशाचेच त्याला दुःख नव्हते. गाऱ्हाणे एकच होते: शिंपी सदऱ्याला खिसा लावत नसे. आपले म्हणून काही ठेवायला जागा नव्हती.

म्हणून असेल, त्याने जागा शोधली ती खिडकीबाहेर. खाली तळे होते, काठावर जुना वड आणि नारळीची झाडे. सकाळपासून माणसे स्नानाला येत. बुडी मारण्याची, अंग पुसण्याची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, आणि ती सगळी त्याला पाठ झालेली. माणसे निघून गेली की वडाखालचा काळोख उरे आणि जगाचे नियम तिथे लागू नाहीत असे त्याला वाटे. घरात आजीच्या काळातली एक पालखी धूळ खात पडली होती. दार लावून तो तिच्यात शिरे. मग ती पालखी समुद्रातले बेट होई आणि तो तिथला रॉबिन्सन क्रूसो. व्हरांड्यातल्या कठड्याच्या गजांना विद्यार्थी करून, हातात छडी घेऊन तो त्यांना शिकवीही. भरलेल्या घरात एकांत आयता मिळत होता. तो ऐकवायचा कोणाला, हा प्रश्न मात्र सुटत नव्हता.

1873 साली त्याची मुंज झाली. मुंडन केलेले डोके घेऊन शाळेत कसे जावे या चिंतेत तो असताना वडिलांनी त्याला बोलावून विचारले, हिमालयात येतोस का? आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्यासाठी कपड्यांचा पुरा जोड शिवला गेला. वाटेत बोलपूरला मुक्काम होता. तिथल्या खडकाळ घळींतून मुलगा एकटाच भटके, ओंजळीभर रंगीत दगड गोळा करून आणी, आणि वडील ते कौतुकाने पाहत. त्यांनी त्याच्याकडे थोडे पैसे हिशेबाला दिले. सोन्याच्या घड्याळाला किल्ली देण्याचे काम दिले. मुलाने किल्ली इतक्या निष्ठेने दिली की घड्याळ दुरुस्तीला कोलकात्यास पाठवावे लागले. वडील रागावले नाहीत. पुढे डलहौसीच्या डोंगरात हातात काठी घेऊन तो एका कड्यावरून दुसऱ्या कड्यावर हिंडे, आणि त्यालाही त्यांची आडकाठी नव्हती. मोकळीक त्याला पूर्वीही होती. पण ती कोणाचे लक्ष नसल्याची मोकळीक होती. ही कोणीतरी लक्ष ठेवून, विश्वासाने दिलेली.

तो परतला तेव्हा अंतःपुराचे दार त्याला उघडे झाले होते. संध्याकाळी गच्चीवर आईभोवती बायकांची बैठक जमे आणि तिचा मुख्य वक्ता आता हा सर्वांत धाकटा मुलगा असे. प्रवासाच्या हकिकती, वडिलांकडून ऐकलेले ग्रहताऱ्यांचे ज्ञान, सगळे तिथे सांगून झाले. सारे जग कृत्तिवासांचे बंगाली रामायण वाचते आणि आपला मुलगा मूळ वाल्मीकी वाचतो, याचा आईला कोण आनंद! तिने वाचायला सांगितले. वाचू लागल्यावर त्याच्या ध्यानात आले की पुष्कळसा भाग आपण विसरलो आहोत. अर्थाच्या वाटा चुकत होत्या. पण आईच्या चेहऱ्यावरचा अभिमान पाहून ‘विसरलो’ म्हणण्याचे धैर्य त्याला झाले नाही. तो सांगत राहिला आणि उणे पडेल ते मनचे घालीत गेला. पालखीत बसून जे इतकी वर्षे केले, तेच आता गच्चीवर, माणसांसमोर, आईसाठी. तिने कौतुकाने द्विजेंद्रनाथांनाही बोलावले; त्या विद्वान भावाने थोडे ऐकून ‘छान’ एवढेच म्हटले आणि मुलाची अब्रू राखली.

आईपाशी मिळालेली ही जागा त्याला दोनच वर्षे लाभली. मार्च 1875 मध्ये शारदादेवी गेल्या. मुलगा चौदाही पुरा नव्हता. रात्री एक म्हातारी दासी आक्रोश करीत मुलांच्या खोलीशी आली. मुलांना असा धक्का नको म्हणून धाकट्या वहिनीने, कादंबरीदेवींनी, तिला घाईने दूर नेले. सकाळी अंगणात आई निजल्यासारखी दिसली. पोरक्या मुलांचे सारे मग वहिनीनेच पाहिले आणि ज्योतिरिंद्रनाथांनी या धाकट्या भावाला आपल्या गाण्याबजावण्यात बरोबरीने घेतले. घरातले त्याचे स्थान आता पक्के होत गेले.

पन्नाशीत लिहिलेल्या ‘जीवनस्मृती’त आई फार थोडी आहे, वड, तळे, नोकर यांना तिच्याहून अधिक पाने मिळाली आहेत. मुलाने तिला पाहिलेच किती होते! तरी एक आठवण त्यात आहे. मोठेपणी वसंतातल्या सकाळी उपरण्याच्या टोकाला मोगऱ्याच्या कळ्या बांधून तो वेड्यासारखा हिंडत असे. त्या मऊ, गार कळ्या कपाळावरून फिरवताना त्याला आईची बोटे आठवत. ज्याच्या सदऱ्याला खिसा नव्हता, त्याने आपली ठेव अखेर पदराशी बांधली होती.